उन्हात शिजणारी औषधं

सदाफुली! पाणी घाला नाहीतर विसरा, हिचं फुलणं चालूच. मूळची मादागास्करची. तिच्यात मधुमेहावर काही गुण आहे का, हे कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बिअर तपासत होते. १९५८च्या सुमारास हाती लागलं विंब्लास्टिन, म्हणजे कर्करोगावरचं औषध.

हे औषध दोन द्रव्यं जुळून बनतं, कॅथरॅन्थिन आणि विंडोलिन. त्यातलं विंडोलिन उन्हाचं मिंधं. अंधारात उगवलेल्या रोपांत काम टॅबरसोनिन या आधीच्या टप्प्यातल्या द्रव्यापाशीच अडून राहतं. उजेड दाखवला की पुढची विकरं जागी होतात आणि विंडोलिन बनू लागतं. गंमत अशी की कॅथरॅन्थिन राहतं पानावरच्या मेणात आणि विंडोलिन पानाच्या आत. एकाच घरात राहून गाठभेट क्वचितच! म्हणूनच ढीगभर पानांतून औषध निघतं ते चिमूटभर.

हिवतापावरच्या आर्टेमिसिनिनची तर आणखी मजा. चीनच्या तू योयो यांना २०१५चं नोबेल मिळवून देणारं हे द्रव्य. ते तयार होताना शेवटच्या टप्प्याला विकर लागतच नाही. प्रकाश आणि ऑक्सिजन परस्पर काम उरकतात. त्या झाडाची पानं खुडून वाळत घातली तरी हा उद्योग चालू असतो.

अतिनील किरणांपासून वाचायला झाडं पानांच्या वरच्या थरात फ्लॅव्होनॉइड साठवतात. आपण त्यांना आरोग्यदायी म्हणतो. झाडाला आपल्या आरोग्याशी काय देणंघेणं!

तुळशीच्या भावकीतल्या सब्जाचं तेल पानांवरच्या इवल्या ग्रंथींत असतं. अतिनील-बी किरण मिळाले नाहीत, तर त्या नीट भरत नाहीत. साधी काच हे किरण अडवते, तेव्हा काचबंद गॅलरीतल्या कुंडीला वास बेताचा असेल तर खतवाल्याला दोष देऊ नका.

पेपरमिंट दिवसाची लांबी मोजतं. लांब दिवसांत मेन्थॉल चांगलं उतरतं, दिवस आखडले की नकोसं मेन्थोफ्युरान वाढतं. (चटणीतला आपला पुदिना बहुधा वेगळ्या जातीचा, त्यात मेन्थॉल नावापुरतंच.)

आणि सगळ्यांनाच ऊन हवं असंही नाही. जपानमध्ये ग्योकुरो चहाची झुडपं खुडणीआधी सुमारे तीन आठवडे झाकून ठेवतात. उन्हात चहाच्या पानांतल्या थिअनिनचं रूपांतर तुरट कॅटेचिनांत होतं. सावलीत थिअनिन टिकतं आणि चहा मधुर लागतो. कॅटेचिनंच हवी असतील, तर उन्हात वाढलेला साधा सेंचा बरा. खिशालाही तोच परवडतो.