माळ्यावरचा पाळणा : गैरसमज आणि वस्तुस्थिती

हिंगोली जिल्ह्यात सागाची जंगलं आहेत आणि जुन्या माळवदाच्या घरांतून सागवानी पाळणे अजूनही निघतात. घरात बाळ येणार म्हटलं की आपण ज्यात झोपलो तो पाळणा माळ्यावरून खाली येतो आणि सल्ले सुरू होतात. त्यातले बरेचसे पाळण्याचं आयुष्य वाढवायच्या ऐवजी कमीच करतात.

गैरसमज १ : सागवानाला कीड लागत नाही.
वस्तुस्थिती : हे झाडाच्या गाभ्यापुरतंच खरं. गाभ्याच्या तपकिरी लाकडातल्या नैसर्गिक द्रव्यांमुळे वाळवी त्याच्या वाटेला फारशी जात नाही. सालीजवळच्या फिकट लाकडात मात्र पिष्ट असतं आणि त्यावर भुंगेऱ्याच्या अळ्या पोसतात. म्हणून पट्टीची पिवळट कड आधी तपासा. बारीक गोल भोकं आणि खाली मैद्यासारखी भुकटी दिसली तर भुंगेरा. मातीच्या नळ्या दिसल्या तर वाळवी. तिचं मूळ पाळण्यात नव्हे, भिंतीत किंवा जमिनीत असतं. वसमतकडे हळद साठवणाऱ्या घरांनी आणखी एक लक्षात ठेवावं : हळकुंडं पोखरणारा भुंगेरा वेगळा, तो लाकूड खाऊन जगत नाही.

गैरसमज २ : रॉकेल चोपडलं की कीड मरते.
वस्तुस्थिती : रॉकेल वरवर मुरतं आणि उडून जातं. आतल्या अळीपर्यंत ते क्वचितच पोचतं. मागे उरतो वास आणि आगीचा धोका. पाळण्याखाली काळा कागद अंथरून ठेवा. त्यावर ताजी भुकटी पडत राहिली तर कीड जिवंत आहे. बाळाच्या वस्तूवर कीटकनाशक मारण्यापेक्षा ती पट्टी बदललेली केव्हाही बरी.

गैरसमज ३ : पाळणा डुगडुगतो? दोन खिळे ठोका.
वस्तुस्थिती : जुन्या जोडात कुसू भोकात बसवून आडवी लाकडी खुंटी मारलेली असते. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो, लाकूड आकसतं. पावसाळ्यात तेच फुगतं. खुंटी लाकडाबरोबर हलते, खिळा हलत नाही. तो गंजतो आणि लाकूड चिरतो. जोड सोडवून, जुना सरस गरम पाण्याच्या फडक्याने काढून, लाकूड वाळू देऊन मगच नवा सरस लावावा. जुन्या थरावर लावलेला फेविकॉल नीट धरत नाही. दुरुस्ती अशी हवी, की पुढच्या सुताराला ती सोडवता यावी.

गैरसमज ४ : खोबरेल चोळलं की लाकूड ताजंतवानं होतं.
वस्तुस्थिती : चकाकी येते, पण खोबरेल वाळत नाही, त्यावर धूळ बसून चिकट काळा थर होतो. जवसाचं तेल मात्र हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. पातळ हात द्यावा, जादा तेल पुसावं आणि पूर्ण वाळल्याशिवाय पुढचा हात देऊ नये. त्या तेलाच्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. त्या तापून आपोआप पेट घेऊ शकतात. बाहेर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

गैरसमज ५ : जुना रंग घासून काढला की काम झालं.
वस्तुस्थिती : जुन्या तैलरंगात शिसं असू शकतं. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त नसावं, हा नियम भारतात १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीचा रंग कोरडा घासला की शिसं धुळीतून श्वासात आणि बाळाच्या तोंडात जातं. त्याचा घाला मेंदूच्या वाढीवर पडतो. असा रंग घरात घासू नये, जाळू तर मुळीच नये. ते काम जाणकार कारागिराकडे सोपवावं आणि त्या वेळी लहान मुलं व गरोदर बाई जवळ नकोत.

गैरसमज ६ : पाळणा मजबूत झाला, आता बाळाला घाला.
वस्तुस्थिती : आपण त्यात वाढलो, हा सुरक्षिततेचा पुरावा नव्हे. बाळाच्या खाटेच्या दांड्यांमधलं अंतर साधारण ६ सेंटिमीटरपेक्षा जास्त नसावं, असं अमेरिकेतला नियम सांगतो. फट मोठी असेल तर बाळाचं अंग पायाकडून निसटतं आणि डोकं अडकतं. पट्टी लावून मोजा. जुन्या पाळण्यात फटी बहुधा मोठ्याच निघतात. अशा वेळी एक जुनी दांडी नमुना म्हणून कातारीकडे न्यावी आणि तशाच आणखी दांड्या कातून मधे बसवाव्यात. साखळ्या, कड्या आणि तुळईतला हूकही भार देऊन तपासावा, कारण पाळणा कितीही भक्कम असला तरी सगळं वजन त्या हुकावरच असतं.