वंध्यत्वाचे उपचार आणि कुटुंबाची मिळकत

जबलपूर हे नर्मदेकाठचे, कारखान्यांचे आणि रेल्वेचे शहर आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस येथे मराठ्यांची सत्ता आली. पुढे 1904 मध्ये तोफगाड्यांचा कारखाना निघाला, आणि कारखाने, रेल्वे व शासकीय कचेऱ्यांतील नोकऱ्यांच्या निमित्ताने अनेक मराठी कुटुंबे येथे स्थायिक झाली. अशाच एका कुटुंबातील जोडपे आपण कल्पनेने डोळ्यांसमोर आणू. पती लहानशा कर्मशाळेत कामाला आहे, पत्नी घरी शिवणकाम करते. दोघांची मिळून मिळकत महिना 25 हजार रुपये. विवाहाला चार वर्षे झाली, मूल नाही. ग्वारीघाटावर नर्मदामाईला नवस बोलून झाला आहे. हळदीकुंकवाला जाणे पत्नीने हळूहळू सोडले आहे, कारण तेथे विचारला जाणारा प्रश्न ठरलेला असतो.

या जोडप्याचे वार्षिक उत्पन्न तीन लाख रुपये आहे, हा आकडा वाचकाने ध्यानात ठेवावा. पुढील विवेचनात त्याची वारंवार गरज पडेल.

एक वर्षभर नियमित शरीरसंबंध असून व संततिनियमनाचे कोणतेही साधन न वापरता गर्भ राहिला नाही, तर वैद्यकशास्त्र त्यास वंध्यत्व म्हणते. स्त्रीचे वय पस्तिशीपुढे असेल, तर सहा महिन्यांनंतरच तपासणी सुरू करावी असे सांगतात. जागतिक आरोग्य संघटनेने 2023 साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, जगातील प्रौढांपैकी सुमारे सहांतील एकाला आयुष्यात केव्हा ना केव्हा हा अनुभव येतो. तेव्हा ही काही एखाद्या घराण्यावर कोसळलेली दुर्मीळ आपत्ती नव्हे.

खर्चाची खरी सुरुवात कोठे होते, हे पाहण्याजोगे आहे. आपल्याकडे तपासणीसाठी प्रथम पत्नीला नेले जाते. तिची रक्ततपासणी होते, सोनोग्राफी होते, बीजवाहिन्या मोकळ्या आहेत की नाहीत हे पाहण्यासाठी रंगद्रव्य घालून क्ष-किरण चित्र घेतले जाते, प्रसंगी दुर्बिणीची शस्त्रक्रियाही होते. एवढे होईपर्यंत पतीच्या वीर्याची साधी तपासणी झालेलीच नसते. वास्तविक सुमारे निम्म्या जोडप्यांत पुरुषातील दोष हे एकमेव किंवा अंशतः कारण असते, आणि ही तपासणी सर्वांत स्वस्त व वेदनारहित आहे. दोन ते सात दिवसांच्या संयमानंतर नमुना द्यावयाचा, एवढेच. पहिल्या तपासणीत दोष आढळला म्हणून खचून जाण्याचे कारण नाही. शुक्रजंतू तयार होण्यास अडीच महिन्यांच्या आसपास अवधी लागतो. मध्यंतरी आलेल्या तापामुळेही संख्या घटू शकते. म्हणून काही काळाने तपासणी पुन्हा केली जाते. पुरुषाचा संकोच हा या रोगाच्या खर्चातील एक मोठा रकाना आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. फक्त तो पावतीवर छापलेला नसतो.

आपल्या देशात आणखी एका कारणाकडे लक्ष दिले पाहिजे, ते म्हणजे जननेंद्रियांचा क्षय. क्षयाचे जंतू फुप्फुसांतून रक्तावाटे बीजवाहिन्यांपर्यंत पोहोचतात व त्यांना कायमची इजा करतात. खोकला नसतो, ताप नसतो. स्त्रीला आपल्याला क्षय झाला होता याची कल्पनाही नसते. क्षयावरील औषधे शासकीय कार्यक्रमात विनामूल्य मिळतात. मात्र एकदा बुजलेली नलिका औषधाने मोकळी होत नाही, आणि अशा वेळी शरीराबाहेर गर्भधारणा घडविण्याचा मार्ग पुढे येतो.

या मार्गाचा इतिहास आपल्याला परका नाही. इंग्लंडमध्ये पहिले ‘परीक्षानळी-बालक’ 25 जुलै 1978 रोजी जन्मले आणि अवघ्या सत्तर दिवसांनी, 3 ऑक्टोबर रोजी, कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नांतून एक मुलगी जन्मली. त्यांच्या दाव्यावर शासकीय समितीने विश्वास ठेवला नाही. 1981 साली त्यांनी आत्महत्या केली. पुढे मुंबईत परळच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. आनंद कुमार यांच्या सहकार्यातून 6 ऑगस्ट 1986 रोजी एक मुलगी जन्मली, व देशातील पहिली म्हणून तिची नोंद झाली. विशेष हे की, त्याच आनंद कुमारांनी मुखोपाध्यायांची कागदपत्रे तपासून 1997 साली पहिलेपणाचा मान त्यांचा असल्याचे जाहीरपणे मांडले. के. ई. एम. हे महानगरपालिकेचे, गोरगरिबांचे रुग्णालय आहे. सार्वजनिक रुग्णालयात जे तंत्र रुजले, ते पुढील काळात मुख्यतः खाजगी केंद्रांत वाढले.

प्रक्रिया थोडक्यात अशी. सुमारे दहा-बारा दिवस संप्रेरकांची इंजेक्शने देऊन एकाच वेळी अनेक स्त्रीबीजे पक्व केली जातात. ती सुईने काढून प्रयोगशाळेत शुक्रजंतूंशी त्यांचा संयोग घडवितात. तीन किंवा पाच दिवसांनी गर्भ गर्भाशयात सोडतात. आणि दोन आठवड्यांनी कळते की यश आले की नाही. या सर्वास एक चक्र म्हणतात. खाजगी केंद्रात एका चक्राला साधारणतः एक ते अडीच लाख रुपये पडतात.

आता हिशेब करू. पस्तिशीच्या आतील स्त्रीला एका चक्रात मूल होण्याची शक्यता तीनांत एक आहे, असे सोयीसाठी धरू. (वय वाढते तशी ती झपाट्याने घटते, आणि चाळिशीनंतर फारच थोडी उरते.) सत्तावीस जोडप्यांनी एक चक्र केले, तर नऊ यशस्वी होतील व अठरा परततील. त्या अठरांनी दुसरे चक्र केले, तर बारा परततील. तिसऱ्यानंतर आठ उरतील. म्हणजे तीन चक्रांनंतरही सत्तावीसांतील आठ जोडपी रिकाम्या हाताने घरी जातात. चक्राला दीड लाख धरले, तर या प्रत्येकाचा खर्च साडेचार लाख झाला. आपल्या जबलपूरच्या जोडप्याची ही दीड वर्षाची संपूर्ण मिळकत होय. उपचारासाठी नागपूर गाठायचे ठरविले, तर प्रवास, मुक्काम व बिनपगारी रजा यांची त्यात भर पडते. पैसा कोठून येतो? स्त्रीधन गहाण पडते, भविष्यनिर्वाह निधीतून उचल होते, भावाकडून उसने घेतले जातात. दुसऱ्या चक्राचा निर्णय बहुधा पहिल्याच्या दुःखात घेतला जातो, आणि तीच हिशेबाला सर्वांत प्रतिकूल घटका असते. किती चक्रे व किती रुपये, ही मर्यादा दोघांनी पहिल्या इंजेक्शनापूर्वीच कागदावर लिहून ठेवणे म्हणूनच शहाणपणाचे.

मदतीचे मार्ग अरुंद आहेत. विमा नियामकाने ठरवून दिलेल्या प्रमाणित अपवादांत वंध्यत्वाचा समावेश असल्याने सर्वसाधारण आरोग्यविमा उपयोगी पडत नाही. केंद्र शासनाच्या आरोग्य योजनेने 2011 च्या आदेशान्वये दर चक्रामागे 65 हजार रुपयांपर्यंत, आणि जास्तीत जास्त तीन चक्रांसाठी, भरपाई देऊ केली. जबलपुरात या योजनेचे लाभार्थी पुष्कळ आहेत. परंतु आपले कर्मशाळेतील जोडपे त्यांत बसत नाही. एकाच गल्लीतील दोन घरांत हा असा फरक पडतो. गोव्यात बांबोळीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाने 2023 साली ही सेवा विनामूल्य सुरू केली. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतही ती खाजगी केंद्रांच्या मानाने स्वल्प खर्चात मिळते, मात्र प्रतीक्षा दीर्घ असते. ज्या स्त्रीचे वय पुढे सरकत आहे, तिला प्रतीक्षा हाही एक खर्चच.

2021 च्या सहाय्यित जननतंत्र कायद्याने काही हक्क दिले आहेत. केंद्र नोंदणीकृत असले पाहिजे. त्या केंद्रातील यशाची शक्यता, खर्च, औषधांचे दुष्परिणाम आणि जुळ्या-तिळ्या गर्भाचा धोका ही सर्व माहिती जोडप्याला आधी दिली पाहिजे. स्त्रीचे वय 21 ते 50 व पुरुषाचे 21 ते 55 या मर्यादेत असावे लागते. प्रत्येक केंद्रात तक्रार निवारण कक्ष असणेही बंधनकारक आहे. यशाचे प्रमाण विचारताना एक काळजी घ्यावी: काही ठिकाणी केवळ मूत्रतपासणीत गर्भ दिसला तरी ते यश मोजले जाते. जोडप्याने विचारायचे ते एवढेच, की आमच्या वयाच्या किती स्त्रिया येथून प्रत्यक्ष मूल घेऊन घरी गेल्या. आणि त्या एका चक्राच्या खर्चात औषधे, गर्भ गोठविणे व पुढील वर्षांचे साठवणशुल्क धरले आहे की ते वेगळे आकारले जाईल, हे लेखी मागून घ्यावे.