इगर्जीची शाळा आणि तिचा मेस्त्रे

सन १९७७ मध्यें ‘अमर अकबर अँथनी’ हा बोलपट आला आणि त्यांतील एका गाण्यामुळें अँथनी गोन्साल्विस हें नांव मुंबईपासून थेट आमच्या वऱ्हाडांत, खामगांव-मलकापुरापर्यंत, लहानथोरांच्या तोंडीं झालें. हें नांव कोणीतरी गंमत म्हणून कल्पिलें असावें, असेंच बहुतेकांस वाटलें. परंतु त्या नांवाचे एक गृहस्थ खरोखरच होते. गोव्यांतील साष्टी तालुक्यांत माजोर्डा नांवाचा गांव आहे. तेथें १९२७ मध्यें त्यांचा जन्म झाला. गांवच्या ख्रिस्तमंदिरांतील गायकवृंदाला शिकविणारे मास्तर हे त्यांचे वडील. १९४३ मध्यें, वयाच्या सोळाव्या वर्षाच्या सुमारास, अँथनी हे संगीतकार नौशाद यांच्या वाद्यवृंदांत व्हायोलिन वाजवूं लागले होते. पुढें त्यांच्यापाशीं जे शिकले, त्यांत प्यारेलाल हे एक. त्या बोलपटाचें संगीत लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडीचें होतें, हें ध्यानीं घेतलें म्हणजे पडद्यावरील विनोदी पात्राला तें नांव मिळणें ही एका शिष्याची गुरुदक्षिणाच होती, हें कळून येतें.

आतां येथें एक प्रश्न सहज उभा राहतो. भातशेती आणि माडांच्या बागा यांवर जगणाऱ्या खेड्यांतील सोळा वर्षांचा मुलगा मुंबईच्या मोठ्या वाद्यवृंदांत समोर ठेवलेला कागद पाहून न अडखळतां वाजवूं लागतो, हें घडलें कसें? बरें, असा मुलगा एकच असता, तर ईश्वरी देणगी म्हणून आपण विषय संपविला असता. परंतु तशीं माणसें गोव्यांतील गांवोगांवांहून पिढ्यान् पिढ्या बाहेर पडत आलीं. तेव्हां कारण व्यक्तींत शोधण्यापेक्षां संस्थेंत शोधलें पाहिजे. आणि ती संस्था म्हणजे इगर्जीला लागून असलेली लहानशी शाळा होय.

पोर्तुगीजांनीं १५१० मध्यें गोवा बेट घेतलें आणि १५४३ मध्यें साष्टी व बारदेश हे प्रांत त्यांच्याकडे आले. या मुलुखांत जेथें जेथें इगर्जी उभी राहिली, तेथें तेथें तिच्या आश्रयानें मुलांची शाळा काढण्याचा क्रम सोळाव्या शतकाच्या मध्यापासून पडत गेला. जुन्या गोव्यांतील सेंट पॉल विद्यालय हें या सर्व व्यवस्थेचें शिखर. त्याचा पाया १५४१ मध्यें घातला गेला आणि हिंदुस्थानांतील पहिला छापखाना १५५६ मध्यें तेथेंच सुरू झाला. परंतु सामान्य कुटुंबाचा संबंध येई तो गांवच्या शाळेशीं. या शाळेच्या शिक्षकाला ‘मेस्त्रे’ म्हणत. मेस्त्रे म्हणजे गुरु अथवा उस्ताद. सुतारकामाच्या वा गवंडीकामाच्या मुख्याला आपण मिस्त्री म्हणतों, तो शब्दही याच पोर्तुगीज शब्दापासून आलेला आहे. एकाच शब्दांतून एकीकडे शाळेंतला गुरु आणि दुसरीकडे हत्यार चालविणारा कारागीर निघावा, हें मोठें अर्थपूर्ण आहे. कारण मेस्त्रेची विद्या हाताची आणि कानाची होती.

या शाळेंत तीन गोष्टी शिकवीत. पहिली धर्मप्रश्नोत्तरें आणि प्रार्थना. दुसरी अक्षरओळख व वाचन. आणि तिसरी संगीत. शिकणारे बहुधा मुलगेच असत. संगीत हा तेथें करमणुकीचा विषय नव्हता. रविवारच्या उपासनेंत गावयाचें तर वाचतां आलें पाहिजे, आणि वाचतां यावयाचें तर स्वरांची लिपि आली पाहिजे, असा सरळ हिशेब होता. अकराव्या शतकांत इटलींतील ग्वीदो नांवाच्या एका मठवाशानें स्वरांना आंखलेल्या रेघांवर बसविण्याची रीत रूढ केली. तीच पुढें पांच रेघांची झाली. आपल्याकडे जसे सा, रे, ग, म, तसे तिकडे दो, रे, मी, फा. फरक इतकाच कीं, आपला षड्ज गाणाऱ्याच्या गळ्याप्रमाणें सरकतो आणि तेथील दो एका ठिकाणीं स्थिर असतो.

शिकविण्याचा क्रमही पाहण्यासारखा होता. मुलाच्या हातीं वाद्य पहिल्या दिवशीं देत नसत. प्रथम त्यानें कागदावरील स्वरांचीं नांवें नुसतीं बोलावयाचीं आणि हातानें ताल धरावयाचा. स्वर किती वेळ टिकला, कोठें थांबावयाचें, हें हाताला कळलें म्हणजे मग तीच ओळ गळ्यांतून काढावयाची. गळा स्थिर झाल्यावर मग व्हायोलिन. या वाद्याला तेथें रेबेक म्हणत. आधीं डोळा, मग हात, मग गळा आणि सर्वांच्या शेवटीं वाद्य, अशी ही चढती पायरी असे. बाराखडी घोटल्याशिवाय पोथी नाहीं, हा आपल्या पंतोजींचा नियम याहून निराळा नाहीं. या शिस्तीचें फळ असें कीं, पूर्वीं कधीं न ऐकलेलें गीतही नुसता कागद समोर धरून दहाबारा वर्षांचा मुलगा म्हणूं शके.

शाळेचा खर्च कोण करी, हें पाहिल्याविना तिचा खरा स्वभाव ध्यानांत येत नाहीं. गोव्यांत गांवकरी ही फार जुनी ग्रामसंस्था आहे. गांवची शेतजमीन सामाईक ठेवून तिच्या उत्पन्नांतून बांधबंदिस्ती, देवस्थान आणि सार्वजनिक कामें चालवावयाचीं, ही तिची पद्धत पोर्तुगीजांच्या पूर्वींची. पोर्तुगीजांनीं तिला ‘कोमुनिदाद’ हें नांव दिलें आणि देवळांच्या जागीं इगर्जीचा खर्च तिच्यावर टाकला. मेस्त्रेचा पगार या गांवच्या उत्पन्नांतून व इगर्जीच्या निधींतून निघे. पगार हा शब्दही पोर्तुगीजच! तो थोडकाच असे. परंतु मास्तर गांवचा नोकर होता आणि गांवाला त्याच्या कामाचा हिशेब दर आठवड्यास प्रत्यक्ष ऐकूं येत होता. कोणत्या मुलाची तयारी कच्ची राहिली, हें रविवारीं साऱ्या गांवाच्या कानीं पडे. एवढी कडक परीक्षा सरकारी इन्स्पेक्टर घेत नसेल.

आणि गांवाला या मुलांची गरज तरी केवढी! नाताळची मध्यरात्र, उपवासकाळांतील करुण गीतें, इगर्जीच्या संतपुरुषाचें फेस्त आणि त्यापूर्वींचे नऊ दिवस, हें सारें त्यांच्यावांचून अडे. घरोघरीं आणि वाड्यावाड्यांवरील क्रुसापुढें ‘लादाईन’ म्हणत. त्या वेळीं व्हायोलिन घेऊन मेस्त्रे व त्याचे विद्यार्थी जात, आणि प्रार्थना संपल्यावर उकडलेले चणे व खोबऱ्याचे तुकडे वाटले जात. लग्नाच्या मिरवणुकींत वाद्यें तींच आणि प्रेतयात्रेंतही तींच. गांवची बातमी घंटेवरून कळे. घंटा कोणत्या रीतीनें वाजते, त्यावरून सण कीं मृत्यु हें शेतांतल्या माणसास समजे, आणि लगेच मेस्त्रेच्या दाराशीं कोणीतरी येऊन उभा राही. शेगांवच्या वाटेवर दिंडींत चालणारा पोर टाळ धरतां धरतां ताल शिकतो, त्याला कोणी ‘संगीताचा तास’ म्हणत नाहीं. इगर्जीच्या शाळेंतील मुलाचें असेंच होतें. फरक एवढाच कीं, त्याच्या हातीं लिपि होती.

हें चित्र सुंदर आहे. परंतु त्याची काळी बाजू झांकणें योग्य नव्हे. या शाळांचा मूळ हेतु धर्मप्रसार हा होता. १५५९ मध्यें निघालेल्या कायद्यानें पोरक्या हिंदु मुलांना त्यांच्या नातलगांपासून काढून ख्रिस्ती करण्यासाठीं धर्मगुरूंच्या स्वाधीन करण्याची सक्ति झाली. १५६० मध्यें गोव्यांत धर्मसमीक्षण न्यायालय, म्हणजे इन्क्विझिशन, बसलें आणि मध्यंतरींचीं थोडीं वर्षें सोडतां तें १८१२ पर्यंत टिकलें. धर्म बदलला तरी जात गेली नाहीं. फेस्ताचे मानपान आणि इगर्जीचे संघ जातवारीनेंच वांटले गेले.

भाषेचा इतिहास तर याहून विलक्षण. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट पाद्री १५७९ मध्यें गोव्यांत आला, साष्टींत राहिला आणि येथील भाषेंत असा रमला कीं, त्यानें सुमारें ११,००० ओंव्यांचें ‘क्रिस्तपुराण’ मराठींत रचिलें. तें १६१६ मध्यें राचोल येथें छापलें गेलें. इगर्जींत आणि घरीं भाविक तें आपल्या पोथ्यांप्रमाणें म्हणत. परंतु त्यानंतर सत्तर वर्षेंही झालीं नाहींत, तोंच १६८४ मध्यें व्हाइसरॉय कोंदे द आल्वोर यानें हुकूम काढला कीं, लोकांनीं तीन वर्षांच्या आंत देशी भाषा सोडून पोर्तुगीज बोलावें. हुकुमानें माणसाची बोली मरत नसते. कोंकणी चुलीपाशीं आणि शेतांत जिवंत राहिली. परंतु घरची भाषा एक आणि शाळेची दुसरी, ही फूट तेव्हांपासून पडली ती पडलीच.

एकोणिसाव्या शतकांत गोव्यांतील तरुण पोटासाठीं मुंबईस येऊं लागले. धोबी तलाव आणि आसपासच्या भागांत गांवोगांवच्या लोकांनीं आपापले ‘कूड’ काढले. कूड म्हणजे एका गांवच्या माणसांचें सामाईक बिऱ्हाड. भिंतीशीं पेट्यांची रांग, एका टोकास वेदी, संध्याकाळीं सर्वांनीं मिळून प्रार्थना, आणि गांवच्या फेस्ताचा दिवस तेथेंही साजरा. बोटीवरील खलाशी, स्वयंपाकी आणि वाजंत्री एकाच छपराखालीं राहत. १८९२ च्या एप्रिल महिन्यांत ‘इटालियन भुर्गो’ हें पहिलें कोंकणी तियात्र रंगभूमीवर आलें, तेंही गोव्यांत नव्हे, मुंबईंत. फौजेच्या व पोलिसांच्या बँडांत, मूकपटांच्या थिएटरांत, हॉटेलांत, जेथें कागद पाहून वाजविणारा हवा, तेथें गोव्याच्या माणसाला मागणी आली.

१९३१ मध्यें ‘आलम आरा’पासून बोलपट सुरू झाले, तेव्हां या विद्येचें मोल शतपटीनें वाढलें. आपले संगीत-दिग्दर्शक चाल गळ्यांतून देत. पन्नास वादकांनीं ती एकाच क्षणीं, निरनिराळ्या सुरांत वाजवावयाची तर ती कोणीतरी कागदावर उतरली पाहिजे. हें काम सेबास्टियन डिसूझा, चिक चॉकलेट, फ्रँक फर्नांड, अँथनी गोन्साल्विस अशा मंडळींनीं केलें. रागदारींत मुरलेला उस्ताद आणि रेघांवरील लिपि जाणणारा गोंयकार यांच्या भेटींतून हिंदी चित्रपटाचें संगीत घडलें. पडद्यावर मात्र या लिहिणाऱ्यांचीं नांवें क्वचितच झळकलीं.

आतां त्या शाळेचें काय झालें? १९५२ मध्यें पणजीस संगीताचें स्वतंत्र विद्यालय निघालें. १९६१ मध्यें गोवा मुक्त झाला आणि गांवोगांव सरकारी प्राथमिक शाळा झाल्या. अक्षरओळख तिकडे गेली, संगीत शहरांतल्या विद्यालयांत गेलें आणि कोमुनिदादीच्या उत्पन्नास ओहोटी लागली. मेस्त्रेची रोजची शाळा बहुतेक गांवांतून उठली. मुलांना शिक्षण पूर्वींपेक्षां पुष्कळ अधिक मिळूं लागलें, मुलीही शिकूं लागल्या, आणि ही प्रगति निःसंशय आहे. नाहींशी झाली ती एकच गोष्ट : मूल आज शिकलें तें रविवारीं गांवाच्या उपयोगीं पडत असे, तें आतां पडेनासें झालें.

भाषेचा जुना प्रश्न मात्र मिटलेला नाहीं. प्राथमिक शाळेस अनुदान हवें तर माध्यम मातृभाषेचें, म्हणजे कोंकणी वा मराठी असावें, असें गोवा सरकारनें १९९० मध्यें ठरविलें. तेव्हां धर्मप्रांताच्या कॅथॉलिक शाळांनीं इंग्रजी सोडून कोंकणी स्वीकारली. २०११ मध्यें इंग्रजीलाही अनुदानाची वाट मोकळी झाली आणि त्यांतील पुष्कळ शाळा परत इंग्रजीकडे वळल्या. त्यावरून गोव्यांत मोठें वादळ झालें. पालक म्हणतात, मुलाच्या पोटाचा प्रश्न आहे. भाषाप्रेमी म्हणतात, घराशीं असलेला धागा तुटतो. दोघांच्याही म्हणण्यांत तथ्य आहे, म्हणूनच हा वाद कठीण आहे. मेस्त्रेच्या शाळेनें पोटाची विद्या दिली आणि गांवाचा धागाही तुटूं दिला नाहीं. भाषेच्या बाबतींत मात्र तिलाही तें साधलें नव्हतें.

अँथनी गोन्साल्विस १९६५ च्या सुमारास मुंबई सोडून अमेरिकेस गेले. पुढें ते माजोर्ड्यास परतले आणि २०१२ मध्यें वारले. ज्या इगर्जींत त्यांच्या वडिलांनीं मुलांना स्वर शिकविले, ती आजही उभी आहे. आपल्या गांवांतल्या, शहरांतल्या शाळेकडे पाहतांना निकालाची टक्केवारी आपण विचारतोंच. त्याबरोबर आणखी एक विचारावयास हरकत नाहीं. या शाळेंत मूल जें शिकतें, त्यांतलें काय त्याच्या आळींतल्या माणसांच्या सुखदुःखांत कामास येतें? माजोर्ड्याच्या गांवकऱ्यांस या प्रश्नाचें उत्तर कोणास विचारावें लागत नव्हतें; तें त्यांना दर रविवारीं ऐकूं येत होतें.