शून्य मीटर कुठे?

समुद्रतळाखाली पाचशे मीटरवर काय आहे हे गाभा, म्हणजे वेधून वर काढलेला गाळ-खडकाचा दंडगोल, सांगतो, पण गाभा पूर्ण हाती येतोच असे नाही. ‘जॉइडेस रिझोल्यूशन’ या वेधन-जहाजावर एका खेपेला साडेनऊ मीटरपर्यंत गाभा काढता येत असे. चिखल चिकट असला की नळी भरून येई. सुटी वाळू वाटेतच निसटे. कठीण थरातून काही वेळा चार तुकडेच वर येत, आणि ते साडेनऊ मीटरांतल्या नेमक्या कुठल्या जागेचे, हे कळायला मार्ग नसे.

बोअरच्या भिंती मात्र जागेवरच असतात. वेधन संपले की पाइप सागरतळाखाली शंभरेक मीटरपर्यंत वर ओढून घेतात, त्यातून उपकरणांची माळ तारेने खाली सोडतात आणि ती वर ओढताना भिंती वाचत येतात. एक उपकरण पोटॅशियम, थोरियम आणि युरेनियममधून निघणारे नैसर्गिक गॅमा किरण मोजते. दुसरे सीझियमच्या स्रोतातून किरण सोडते आणि परत येणाऱ्या किरणांवरून घनता काढते. विद्युतरोध आणि ध्वनीचा वेग यांचीही उपकरणे असतात. बहुतेक नोंदी दर पंधरा सेंटीमीटरला एक अशा होतात. यालाच लॉग म्हणतात. पहिला विद्युत लॉग १९२७ साली फ्रान्समधल्या पेशेलब्रॉनच्या तेलक्षेत्रात श्लुंबर्जे बंधूंच्या चमूने घेतला. १९८५मध्ये ‘ओशन ड्रिलिंग प्रोग्राम’ सुरू झाला, तेव्हा खोल समुद्रातल्या लॉगिंगचे काम न्यूयॉर्कजवळच्या लॅमॉण्ट-डोहर्टी वेधशाळेकडे आले. जहाज समुद्रात असतानाच उपग्रहामार्फत आकडे तिथे जात आणि संस्कारित होऊन जहाजावरच्या शास्त्रज्ञांकडे परत येत.

हे संस्कार म्हणजे प्रामुख्याने खोलीचा हिशेब. लॉगमध्ये सर्वांत कष्टाने मिळवावा लागणारा आकडा घनतेचा किंवा रोधाचा नाही, खोलीचा आहे, असे मला वाटते.

तारेवरची खोली जहाजाच्या डेकपासून मोजली जाते, अभ्यासकाला ती सागरतळापासून हवी असते. मध्ये तीन-चार किलोमीटर पाणी असू शकते. तार वजनाने ताणते, जहाज लाटांवर वर-खाली होते, भरती-ओहोटीने पातळी बदलते. लाटांची हालचाल भरून काढणारी यंत्रणा तारेला जोडलेली असते, पण तिच्याकडूनही काही हालचाल सुटतेच. मग सागरतळ ओळखायचा गॅमा किरणांवरून. पाण्यात ते जवळजवळ नसतात. उपकरण गाळाच्या पातळीला आले की पाइपच्या पोलादाआडूनही रेषा उडी घेते. ती उडी जिथे, तिथे शून्य मीटर. तळाचा गाळ फार विरळ असेल तर उडी स्पष्ट दिसत नाही. तेव्हा पाइपच्या लांबीवरून मिळालेल्या खोलीचा आधार घ्यावा लागतो, आणि तो घेतल्याची नोंद करावी लागते.

एवढ्याने भागत नाही. उपकरणे दोन-तीन खेपांत उतरतात आणि प्रत्येक खेपेची खोली थोडी वेगळी येते. म्हणून प्रत्येक माळेत गॅमाचे उपकरण ठेवतात. एका खेपेची गॅमा-रेषा प्रमाण धरायची आणि बाकीच्या खेपांच्या रेषा शिखराला शिखर, दरीला दरी लावत तिच्याशी जुळवायच्या. संगणक मदत करतो, निर्णय माणसाचा.

इतक्या काटेकोरपणाचे कारण साधे आहे. इथे खोली म्हणजे काळ. गाळ हजार वर्षांत दहा सेंटीमीटर साचत असेल, तर खोलीतली दोन मीटरची चूक म्हणजे वीस हजार वर्षे. पृथ्वीच्या अक्षाच्या ज्या डोलण्याशी मोसमी पावसाचे चढउतार जोडले जातात, त्याचे एक आवर्तन साधारण तेवढेच असते.

मग बोअरच्या तब्येतीचा प्रश्न. भिंत ढासळली असेल तर घनतेचे उपकरण भिंतीला टेकत नाही आणि मधल्या पाण्याचीच घनता वाचते. व्यास मोजणाऱ्या कॅलिपरची रेषा शेजारी ठेवली की लबाडी उघडी पडते. असा भाग दुरुस्त होत नाही, संशयास्पद म्हणून दाखवायचा असतो. भिंतीची प्रतिमा घेणाऱ्या उपकरणाला चार हात, प्रत्येक हातावर सोळा विद्युतअग्रे, आणि नोंद दर अडीच मिलिमीटरला. इतक्या बारकाईत तारेचा लहानसा हिसकाही चित्र ताणतो, म्हणून त्वरणमापकाच्या आधारे वेग आधी सरळ करून घेतात. चुंबकमापकावरून दिशा ठरते, आणि मग थर कुठे कलले आहेत ते मोजता येते.

‘जॉइडेस रिझोल्यूशन’ २०१५मध्ये कोलंबोहून निघून अरबी समुद्रातल्या लक्ष्मी खोऱ्यात वेध घेऊन मुंबईला आले होते. पीटर क्लिफ्ट आणि गोव्याच्या राष्ट्रीय ध्रुवीय व समुद्र संशोधन केंद्राचे धनंजय पांडे हे त्या ३५५ क्रमांकाच्या मोहिमेचे प्रमुख शास्त्रज्ञ. सिंधू नदीने वाहून आणलेल्या गाळात हिमालयाची झीज आणि मान्सून यांचा इतिहास वाचायचा होता. वाळूच्या थरांत गाभा अपुरा येतो, आणि तिथे लॉगचे मोल कळते.

जहाजाची वैज्ञानिक कामगिरी २०२४मध्ये थांबली. लॉग मात्र कोणालाही विनामूल्य खुले आहेत, मूळ आकडे आणि संस्कारित आकडे शेजारी-शेजारी. सोबत प्रत्येक बोअरची एक टीप असते: शून्य कसे ठरवले, किती मीटर सरकवले, कुठला भाग भरवशाचा नाही. पुण्या-मुंबईतल्या भूशास्त्राच्या विद्यार्थ्याने आलेख उघडण्याआधी ती टीप वाचावी.