विधेयक वॉशिंग्टनचे, धाकधूक पेढीवर

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची पेढी असलेल्या आमच्या एका स्नेह्यांच्या मोबाइलवर दुपारच्या सुमारास एक मजकूर येऊन पडला : 'अमेरिकेतून भारतात पैसे पाठवणाऱ्यांवर पाच टक्के कर.' त्यांचा मुलगा न्यू जर्सीत नोकरीला. पुण्यातल्या सदनिकेचा मोठा हप्ता दिवाळीत द्यायचा होता आणि तो मुलाने पाठवावा असे घरात ठरलेले होते. स्नेह्यांनी त्याच रात्री मुलाला फोन लावला. 'कर लागायच्या आत पाठव, चाळीस हजार डॉलरवर दोन हजार डॉलर फुकट जातील.' मुलाजवळ तेवढी शिल्लक नव्हती. वडिलांचा शब्द मोडवेना, म्हणून त्याने चढ्या व्याजाने वैयक्तिक कर्ज काढले आणि आठवड्याभरात बँकेतून रक्कम रवाना केली. त्या कर्जाचे हप्ते तो आजही भरतो आहे. कर मात्र त्यांच्या वाट्याला आलाच नाही, आणि दिवाळीपर्यंत थांबले असते तरी आला नसता.

बातमी खोटी होती म्हणावे, तर तसेही नाही. पाच टक्क्यांचा प्रस्ताव खरोखरच मांडला गेला होता. चूक झाली ती वाचण्यात, आणि ती आपल्यापैकी कित्येकांची रोज होते. हुंडी लिहिली गेली म्हणून रक्कम जमा झाली असे आपल्या वाडवडिलांनी कधी मानले नाही. ती समोरच्याने सकारावी लागे, मुदत भरावी लागे, मगच ती वटे. अमेरिकेच्या संसदेत, म्हणजे काँग्रेसमध्ये, मांडले जाणारे विधेयक ही अशीच नुसती लिहिलेली हुंडी असते. ती लिहिण्याचा अधिकार प्रतिनिधिगृहाच्या ४३५ आणि सिनेटच्या १०० सदस्यांपैकी प्रत्येकाला आहे. दोन वर्षांच्या एका कार्यकाळात अशी विधेयके आणि ठराव मिळून दहा हजारांच्या वर सहज जातात. २०२३-२४ च्या कार्यकाळात त्यांतून कायदे झाले ते तीनशेहूनही कमी. बाकीची समितीच्या कपाटात राहतात आणि कार्यकाळ संपला की आपोआप रद्द होतात.

मग ती मांडायची तरी कशाला? निवडून दिलेल्या मतदारांना 'मी हे केले' असे सांगता यावे म्हणून, वर्तमानपत्रात नाव यावे म्हणून, आणि पुष्कळदा एखादी कल्पना जिवंत राहावी म्हणूनही. सध्या दोन्ही सभागृहांत रिपब्लिकन पक्षाचे बहुमत आहे आणि अध्यक्षही त्याच पक्षाचे आहेत. त्यामुळे त्या पक्षातील उजव्या विचाराच्या सदस्यांच्या विधेयकांना एरवीपेक्षा अधिक धार आल्यासारखी वाटते. परंतु सिनेटमध्ये सर्वसाधारण विधेयकावरची चर्चा बंद करून ते मताला टाकण्यासाठी ६० मते लागतात आणि रिपब्लिकन सदस्य आहेत ५३. उरलेली सात मते विरोधी बाकांवरून आणायची, हे आजच्या वातावरणात सोपे नाही.

या भिंतीला एक दिंडी दरवाजा आहे, आणि आपल्या दृष्टीने तोच महत्त्वाचा. सरकारचे उत्पन्न व खर्च यांच्याशी थेट संबंध असलेल्या तरतुदी अंदाजपत्रकाच्या एका खास प्रक्रियेने साध्या बहुमतावर मंजूर करता येतात. पैसे पाठवण्यावरचा कर आत आला तो याच दाराने, आणि त्याचा प्रवास मुळापासून पाहण्याजोगा आहे.

परदेशी जाणाऱ्या पैशावर वसुली करण्याची कल्पना नवी नव्हे. ओक्लाहोमा राज्यात अशी आकारणी २००९ पासून चालू आहे. डिसेंबर २०२३ मध्ये ओहायोचे तत्कालीन सिनेटर जे. डी. व्हान्स यांनी देशभरासाठी दहा टक्क्यांचे विधेयक मांडले. ते कोणी फारसे मनावर घेतले नाही आणि कार्यकाळ संपताच ते संपले. पण कल्पना संपली नाही. मे २०२५ मध्ये 'वन बिग ब्यूटिफुल बिल' या अवाढव्य अंदाजपत्रकी विधेयकात ती पाच टक्के होऊन पुन्हा आली. त्या वेळी हा कर अमेरिकेचे नागरिक नसलेल्यांवरच होता, म्हणजे नोकरीच्या व्हिसावरची मुलेही त्यात येत होती आणि ग्रीन कार्डवाली मंडळीही. आमच्या स्नेह्यांना आलेला मजकूर या टप्प्याचा. थोड्याच दिवसांत, २२ मे रोजी, प्रतिनिधिगृहाने विधेयक २१५ विरुद्ध २१४ अशा एका मताच्या फरकाने मंजूर केले, तेव्हा आकडा साडेतीन टक्क्यांवर आला होता. सिनेटमध्ये तो आणखी घसरून एक टक्का झाला. त्याबरोबर त्याचे रूपच पालटले. नागरिक आणि परके हा भेद गेला, आणि कर उरला तो रोख रक्कम, मनी ऑर्डर, कॅशिअर्स चेक अशा हातातल्या साधनांनी पैसे पाठवणाऱ्यांवर. अमेरिकेतील बँक खात्यातून किंवा तेथील बँकेच्या डेबिट-क्रेडिट कार्डावरून पाठवलेली रक्कम त्यातून वगळली. १ जुलै रोजी सिनेटमध्ये मते समसमान पडली आणि कोंडी फोडणारे मत ज्यांनी दिले ते उपाध्यक्ष होते जे. डी. व्हान्स. ४ जुलैला अध्यक्षांची स्वाक्षरी झाली. अंमल ३१ डिसेंबर २०२५ नंतरच्या व्यवहारांना.

दहा हजार डॉलरचा हिशेब मांडून पाहा. व्हान्स यांच्या मूळ विधेयकाप्रमाणे हजार डॉलर, मेच्या मसुद्याप्रमाणे पाचशे, प्रतिनिधिगृहाप्रमाणे साडेतीनशे, कायद्याप्रमाणे रोखीने पाठवल्यास शंभर आणि बँकेतून पाठवल्यास शून्य. हे आकडे आपल्या राज्याला परके नाहीत. रिझर्व्ह बँकेच्या पाहणीनुसार २०२३-२४ मध्ये परदेशांतून भारतात आलेल्या अशा पैशांपैकी २७.७ टक्के अमेरिकेतून आले, आणि देशात आलेल्या एकूण रकमेचा सर्वांत मोठा वाटा, २०.५ टक्के, महाराष्ट्रात उतरला.

या प्रवासातून दोन गोष्टी दिसतात आणि त्या एकमेकींच्या विरुद्ध आहेत. एकट्या सदस्याच्या विधेयकाने झोप उडवून घेण्याचे कारण नाही. पण ते मेले म्हणून ती कल्पनाही मेली, असे समजणेही भाबडेपणाचे. विशेषतः कल्पना कराची असेल, तर तिला दिंडी दरवाजा उघडा असतो.

म्हणूनच सध्याच्या विधेयकांपैकी माझी नजर सर्वाधिक लागून राहिली आहे ती ओहायोचेच सिनेटर बर्नी मोरेनो यांच्या विधेयकावर. सप्टेंबर २०२५ मध्ये त्यांनी मांडलेले हे विधेयक 'हायर ॲक्ट' या नावाने ओळखले जाते. अमेरिकेतील कंपनीने परदेशातील व्यक्तीला वा संस्थेला सेवेपोटी पैसे दिले आणि त्या सेवेचा लाभ अमेरिकेतील ग्राहकाला झाला, तर त्या रकमेवर कंपनीने २५ टक्के कर भरावा, आणि हा खर्च तिला उत्पन्नातून वजाही करता येऊ नये, असे त्यात म्हटले आहे. आपल्याकडे हा विषय 'सॉफ्टवेअरवाल्यांचा' म्हणून सोडून दिला जातो. पण व्यापारी घराण्यांतली पुढची पिढी आता गादीवर बसत नाही. ती सनदी लेखापाल होते, आणि पुण्या-मुंबईत बसून अमेरिकन कंपन्यांचे हिशेब, पगारपत्रके, करविवरणे तयार करणाऱ्या कचेऱ्यांत काम करते. शंभर रुपयांच्या कामावर ग्राहकाला पंचवीस रुपये वर पडणार असतील आणि ते खर्चात धरताही येणार नसतील, तर तो पहिल्यांदा दर पाडून मागेल आणि दुसऱ्यांदा काम काढून घेईल. ३१ डिसेंबर २०२५ नंतरच्या रकमांना हा कर लागू व्हावा असे विधेयकात लिहिले होते. ती तारीख उलटली आहे, आणि हे लिहीत असताना विधेयक सिनेटच्या वित्त समितीतच आहे.

मोरेनो यांचेच दुसरे विधेयक डिसेंबरमध्ये आले. अमेरिकन नागरिकाला दुसऱ्या कोणत्याही देशाचे नागरिकत्व ठेवता येऊ नये, असा त्याचा आशय. (मोरेनो यांचा स्वतःचा जन्म कोलंबियातल्या बोगोटाचा, हे जाता जाता.) यावरून अनेक घरांत 'ओसीआय कार्ड परत करावे लागणार का?' अशी विचारणा सुरू झाली. ओसीआयच्या नावात नागरिकत्व हा शब्द असला, तरी भारतीय कायद्याच्या दृष्टीने ते नागरिकत्व नव्हे. भारत दुहेरी नागरिकत्व देतच नाही, अमेरिकेचे पारपत्र घेतले की आपले सोडावेच लागते. शिवाय हा विषय कराचा नाही, त्यामुळे दिंडी दरवाजा त्याला बंद आणि साठ मतांची भिंत समोर.

पाठीशी संख्याबळ असूनही विधेयक कसे अडते, याचे उदाहरण सिनेटर लिंडसे ग्रॅहम यांचे. रशियाचे तेल घेणाऱ्या देशांच्या मालावर किमान ५०० टक्के आयातशुल्क लावण्याचे विधेयक त्यांनी एप्रिल २०२५ मध्ये डेमोक्रॅट रिचर्ड ब्लुमेंथल यांच्यासह मांडले. शंभराच्या माल सहाशेला पडणार, म्हणजे शुल्क कसले, दाराला कुलूपच. शंभरांपैकी ऐंशीहून अधिक सिनेटरांनी पाठिंबा दिला. तरीही वर्ष संपेपर्यंत ते मताला आले नाही. आणि याच काळात, २७ ऑगस्ट रोजी, भारतीय मालावरचे शुल्क ५० टक्के झाले ते कोणत्याही विधेयकाने नव्हे. अध्यक्षांनी १९७७ च्या आणीबाणीविषयक कायद्याचा आधार घेऊन काढलेल्या आदेशांनी ते लागू झाले. हिरे, कापड, कोळंबी यांच्या व्यापाऱ्यांना जो फटका बसला तो या आदेशांचा. सप्टेंबरमध्ये एच-वन-बी व्हिसाच्या नव्या अर्जावर एक लाख डॉलर आकारण्याचा निर्णय झाला, तोही अध्यक्षीय घोषणेने. शुक्रवारी सही आणि रविवार उजाडण्यापूर्वी अंमल. सुटीवर गावी आलेली मुले बॅगा न भरताच विमानतळावर धावली ती याच शनिवारी. नवा अर्ज आणि हाती असलेला व्हिसा यांतला फरक सरकारने स्पष्ट करीपर्यंत तिकिटांचे पैसे खर्च झालेले होते.

उजव्या विचाराचे सारे सदस्य या आदेशांच्या बाजूचे आहेत असेही नाही. केंटकीचे सिनेटर रँड पॉल हे करांचे आणि मोठ्या सरकारचे कट्टर विरोधक. आयातशुल्क हा कर आहे आणि कर बसवण्याचा अधिकार राज्यघटनेने काँग्रेसला दिला आहे, अध्यक्षाला नाही, ही त्यांची भूमिका. ऑक्टोबर २०२५ च्या अखेरीस ब्राझील, कॅनडा आणि एकंदर जगावरच्या शुल्कांचा आधार काढून घेणारे ठराव सिनेटने मंजूर केले, ते पॉल आणि आणखी काही रिपब्लिकन सदस्य विरोधकांबरोबर गेले म्हणून. प्रतिनिधिगृहात त्यांची वाट अडली. आपल्याकडे मात्र 'सिनेटने शुल्क रद्द केले' असे मथळे फिरत होते आणि निर्यातदार एकमेकांचे अभिनंदन करीत होते.

ठरावांचे प्रकरण थोडे वेगळे असल्याने त्याविषयी दोन शब्द. एका सभागृहाचा साधा ठराव हे केवळ मतप्रदर्शन असते. संयुक्त ठराव मात्र विधेयकासारखाच अध्यक्षांकडे जातो आणि कायद्याचे बळ मिळवू शकतो. राज्यघटना बदलण्याचा ठरावही संयुक्तच, परंतु तो अध्यक्षांकडे जात नाही. त्याला दोन्ही सभागृहांत दोनतृतीयांश मते आणि पन्नासपैकी ३८ राज्यांची संमती लागते. टेनेसीचे प्रतिनिधी अँडी ओगल्स यांनी जानेवारी २०२५ मध्ये असाच ठराव मांडला. अध्यक्षपदाच्या दोन मुदतींची १९५१ पासूनची मर्यादा सैल करून तिसरी मुदत शक्य व्हावी, पण सलग दोन मुदती भोगलेल्यांना ती मिळू नये, अशी त्याची कातरकाम केलेली रचना. ती कोणाच्या मापाची आहे हे सांगायला नको. असे ठराव मांडणाऱ्यालाही ते मंजूर होणार नाहीत हे ठाऊक असते.

आमचे सांगलीचे स्नेही आता शहाणे झाले आहेत. परवा संक्रांतीच्या तिळगुळाला गेलो, तेव्हा त्यांनी मोबाइल पुढे केला. कोणीतरी पुन्हा 'अमेरिकेत नवा कायदा' म्हणून मजकूर धाडला होता. त्यांनी मला एकामागून एक विचारले : हे विधेयक आहे की आदेश? विधेयक असेल तर एका सभागृहात आहे की दोन्हींत? समितीने हात लावला आहे का? कराचे आहे की दुसऱ्या कशाचे? मी पाहून सांगितले, की एका सदस्याने मांडले आहे, समितीकडे पाठवले आहे, पुढे काही झालेले नाही. त्यांनी पेढीच्या दिनदर्शिकेची पुढच्या वर्षीची पाने उलटली आणि ३ जानेवारी २०२७ या तारखेभोवती पेन्सिलीने गोल काढला. त्या दिवशी या काँग्रेसचा कार्यकाळ संपतो. मग मुलाला फोन लावला. पैशांचा विषय निघाला नाही, सूनबाईंनी तिळाच्या वड्या पाकात टाकल्या की नाही, एवढेच विचारणे झाले.