डिस्क लावली म्हणून गाडी लवकर थांबत नाही

परभणी जिल्ह्यात जुन्या गाड्या अजून हौसेनेही ठेवल्या जातात आणि कामालाही जुंपल्या जातात. कुणाच्या वाड्यात वडिलांची प्रीमियर पद्मिनी आहे, कुणाकडे ॲम्बेसिडर. जिंतूर, पालम, सोनपेठकडच्या शेतरस्त्यांवर महिंद्राची जुनी जीप दिसते. कुर्ल्याच्या कारखान्यातून १९६४ पासून फियाट ११०० डी आणि पुढे पद्मिनी म्हणून बाहेर पडलेल्या गाडीला चारही चाकांना ड्रम ब्रेक असत. जुन्या जीपचीही तीच गोष्ट. अशी गाडी दुरुस्तीला काढली की पहिला सल्ला ठरलेला असतो: "पुढं डिस्क टाका, बूस्टर बसवा, जागच्या जागी थांबंल."

जागच्या जागी थांबण्याची ही समजूत आधी दूर करू, कारण बाकीचे बरेच गैरसमज तिच्यातूनच निघतात. गाडी शेवटी थांबते ती टायर आणि रस्ता यांच्या पकडीवर. तुमचा ड्रम ब्रेक जोरात दाबल्यावर चाक जाम होत असेल, तर टायरची पकड संपेपर्यंतची ताकद त्या ब्रेकमध्ये आहेच. कोरडा डांबरी रस्ता आणि बरे टायर असतील तर ब्रेक लागल्यापासून ताशी ६० किलोमीटर वेगाची गाडी साधारण २० मीटरमध्ये थांबते आणि ८० च्या वेगाची ३६ मीटरमध्ये. हे अंतर डिस्कने फारसं कमी होत नाही. गुळगुळीत टायर बदलले तर मात्र होतं. म्हणून ब्रेकवर खर्च करायच्या आधी टायरची तारीख आणि नक्षी बघा, असंच मी प्रत्येकाला सांगतो.

मग डिस्क कशाला? उष्णतेसाठी. हजार किलोची गाडी ८० च्या वेगावरून थांबवताना सुमारे अडीचशे किलोज्यूल ऊर्जा ब्रेकमध्ये उष्णता होऊन उतरते. एकदा थांबण्यापुरतं ड्रमला त्याचं काही वाटत नाही. पण अंबाजोगाईहून परळीकडे घाट उतरताना ब्रेक परत परत लागतो. उष्णता ड्रमच्या आत कोंडते, ड्रम तापून फुगतो आणि शूपासून लांब जातो, लायनरची घासण्याची ताकदही घटते. पेडल खाली जातं आणि गाडी म्हणावी तशी धरत नाही. डिस्क उघडी असल्याने वाऱ्याने निवते, आणि तापून फुगली तरी पॅडच्याच दिशेने फुगते. जॅग्वारने १९५३ साली ल मान्सची चोवीस तासांची शर्यत डिस्क ब्रेकच्या गाडीवर जिंकली ती याच गुणावर: तासन् तास ब्रेक मारूनही ताकद टिकली. आपला जिल्हा बहुतांशी सपाट आहे. परभणी-मानवत-पाथरी एवढंच फिरणाऱ्या पद्मिनीला हा फायदा क्वचितच लागेल, हे मालकाला आधी सांगायला हवं.

पाण्याचं वेगळं. पावसाळ्यात ओढ्यातून जीप काढली की ड्रममध्ये पाणी शिरतं आणि पुढचे दोन-चार ब्रेक पोकळ जातात. जुने ड्रायव्हर म्हणूनच पलीकडे निघाल्यावर ब्रेकवर हलका पाय ठेवून शू वाळवतात. डिस्क मात्र फिरता फिरता पाणी फेकून देते. काळ्या रानातला चिखल दोन्हीला सारखाच नडतो. ड्रममध्ये गेला तर आत बसून शू खातो, आणि कॅलिपरच्या सरकत्या पिनांवर वाळला तर एकच पॅड झिजत राहतो. "डिस्कला देखभाल लागत नाही" असं ज्याला वाटतं, त्याने पोळ्यानंतर एकदा चाक काढून पिना बघाव्यात.

"बूस्टरने ब्रेकची ताकद वाढते" हेही अर्धंच खरं. ड्रममध्ये पुढचा शू फिरत्या ड्रमबरोबर ओढला जातो आणि आपोआप आणखी घट्ट बसतो. डिस्कमध्ये ही फुकटची मदत नाही, पॅड फक्त दाबले जातात. म्हणून बूस्टर नसेल तर डिस्कचा ब्रेक पायाला जड लागतो. बूस्टरच्या आत रबरी पडदा असतो. त्याच्या एका बाजूची हवा इंजिन ओढून घेतं आणि दुसऱ्या बाजूने बाहेरची हवा रेटते. इंजिनची ओढ चांगली असेल तर आठ इंची बूस्टरवर हा रेटा सुमारे दोनशे किलोचा होतो. म्हणजे बूस्टर तुमच्या पायाचं काम वाटून घेतो. टायरची पकड तो वाढवत नाही.

ही ओढ पेट्रोल गाडीत कार्बोरेटरखालच्या मॅनिफोल्डमधून मिळते. बहुतेक डिझेल इंजिनांत हवेची वाट अडवणारी झडपच नसते, म्हणून तिथे ओढ तयार होत नाही. डिझेल जीपला नुसता बूस्टर लावून पाइप मॅनिफोल्डला जोडला तर तो शोभेपुरताच राहतो. तिथे व्हॅक्यूम पंप लागतो, आणि तो पाठीमागेच बसवलेला अल्टरनेटर मिळतो. इंजिन बंद पडलं तर ब्रेक जातात, हीसुद्धा भीती आहे. बूस्टरमध्ये एक-दोन दाबांपुरती ओढ शिल्लक असते. ती संपली की पेडल दगडासारखं लागतं, पण सगळा जोर लावून दाबलं तर ब्रेक लागतो. उतारावर डिझेल वाचवायला इंजिन बंद करण्याची सवय ज्यांना आहे, त्यांनी बूस्टरच्या गाडीत ती सोडलीच पाहिजे.

आता खरं जोखमीचं काम. "डिस्क, कॅलिपर आणि बूस्टर आणला की झालं" या समजुतीवर मला सगळ्यात जास्त राग येतो, कारण त्यात माणसं मरू शकतात. जुना मास्टर सिलिंडर ड्रमसाठी बनलेला असतो. कॅलिपरचा पिस्टन व्हील सिलिंडरपेक्षा बराच मोठा, त्याला ऑइल जास्त लागतं. जुन्या बारीक सिलिंडरने ते भागत नाही, पेडल पार तळाला जातं. फार जाड सिलिंडर घातला तर पेडल टणक लागतं आणि दाब कमी पडतो. शिवाय ड्रमच्या अनेक मास्टर सिलिंडरांत एक छोटी झडप असते. व्हील सिलिंडरचे रबरी कप भिंतीला टेकून राहावेत म्हणून ती लाइनमध्ये थोडा दाब कायम धरून ठेवते. हाच दाब कॅलिपरला मिळाला की पॅड सुटतच नाहीत. गाडी ओढत चालते, चाक तापतं, पाच-दहा किलोमीटरवर जळका वास येतो. पुढचं चाक जॅकवर उचला, ब्रेक दाबून सोडा आणि हाताने फिरवा. मोकळं फिरलं नाही तर गाडी गॅरेजबाहेर काढू नका.

जुन्या गाड्यांत बहुधा चारही चाकांची लाइन एकच असते. एक होज फुटला की सगळे ब्रेक गेले. दोन कप्प्यांचा मास्टर सिलिंडर बसवला तर पुढची आणि मागची लाइन वेगळी होते, आणि एक गेली तरी दुसरी हाताशी राहते. पैसे थोडे असतील तर माझ्या मते डिस्कच्या आधी हे काम करावं.

कॅलिपर धरणारी पट्टी हाही नाजूक भाग. लोखंडी पट्टी कापून वेल्डिंगने डागलेली मी बघितली आहे. ब्रेकचा सगळा झटका त्या पट्टीवर येतो. ती योग्य जाडीची, लेथवर नीट मापात केलेली आणि मूळच्या बोल्टांवर बसणारी हवी. पद्मिनीचं चाक १४ इंची आहे, त्यात कॅलिपर रिमला घासत नाही ना, हे खरेदीआधीच मापून घ्या.

चारही चाकांना डिस्क लावायच्या हट्टात पडू नये. ब्रेक मारला की वजन पुढे झुकतं आणि मागची चाकं हलकी होतात. मागे जोर जास्त झाला तर तीच आधी जाम होतात आणि गाडी फिरते. अवघ्या ८० इंच व्हीलबेसच्या जुन्या जीपला तर हे फारच लवकर होतं. मागे ड्रम ठेवले की हँडब्रेकही शाबूत राहतो. शोरूममधून येणाऱ्या कित्येक नव्या गाड्यांनाही मागे ड्रमच आहेत. पुढे डिस्क केल्यावर मागचा दाब बेताचा ठेवणारी झडप मात्र लागते.

उन्हाळ्यात पारा ४३-४४ वर गेला की ब्रेक ऑइल उकळतं, अशीही समजूत आहे. डॉट ३ चं नवं ऑइल २०५ अंशांना आणि डॉट ४ चं २३० अंशांना उकळतं. त्यापुढे उन्हाचे ४४ काहीच नाहीत. ऑइल बिघडतं ते हवेतला ओलावा शोषून. पाणी मुरलेल्या डॉट ३ चा उत्कलनबिंदू १४० पर्यंत उतरतो. दोन वर्षांनी ऑइल बदला, आणि डब्यात कधीच इंजिन ऑइल ओतू नका, रबर फुगून सगळे कप जातात.

कागदांचंही बघा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या बदलांवर बंधनं घालतं, आणि पंधरा वर्षांनंतर नोंदणी वाढवताना गाडी तपासली जाते. एमएच-२२ ची गाडी असेल तर काम करण्याआधी परभणीच्या परिवहन कार्यालयात लेखी विचारा, विमा कंपनीलाही कळवा. गाडी पन्नास वर्षांपुढची असून तिची २०२१ च्या नियमांखाली व्हिंटेज नोंदणी करायची असेल, तर मूळ रूप टिकवण्याची अट आहे. अशा गाडीचे मूळ ड्रम, शू आणि बॅकप्लेट खुणा करून जपून ठेवा.

काम झाल्यावर पहिली चाचणी मोकळ्या मैदानात घ्या. आधी २० चा वेग, मग ४०, मग ६०. बाजूला एका माणसाला उभं करून कुठलं चाक आधी जाम होतं ते बघायला सांगा. मागचं झालं तर मागचा दाब कमी करा आणि पुन्हा २० पासून सुरू करा.