टम्म पोटं आणि ओली वाळू

मेरीलँडमध्ये राहणाऱ्या एका वाचकाने असाटीग बेटावर काढलेले फोटो पाठवलेत आणि खाली एका ओळीत विचारलंय, ‘यातल्या सगळ्या घोड्या गाभण आहेत का हो?’

फोटो झकास आहेत. मागे अटलांटिकच्या लाटा, पुढे दलदलीच्या गवतात चरणारी अबलख तट्टं, वाऱ्याने विस्कटलेल्या आयाळी. पोटं म्हणाल तर खरंच टम्म. पण डावीकडून दुसरी जी ‘घोडी’ आहे, तो घोडा आहे. तेव्हा तिच्यापुरता तरी प्रश्न मिटला.

बाकीच्यांची पोटं मिठाने फुगली आहेत. असाटीग म्हणजे मेरीलँड आणि व्हर्जिनिया या दोन राज्यांच्या किनाऱ्याला समांतर पडलेली, साठेक किलोमीटर लांबीची वाळूची चिंचोळी पट्टी. तिथे चरायला मुख्यतः खाऱ्या दलदलीतलं आणि वाळूच्या टेकड्यांवरचं गवत. अंगात एवढं मीठ जातं की ही जनावरं पाळीव घोड्याच्या जवळपास दुप्पट पाणी पितात आणि बारा महिने फुगलेली दिसतात. चारा निकस, त्यामुळे उंचीही बेताचीच, खांद्यापाशी जेमतेम सव्वाशे-एकशे तीस सेंटिमीटर.

म्हणजे पोटाकडे पाहून इथे काहीच कळत नाही. मग घोडी गाभण आहे हे ओळखायचं कसं? पाळीव असेल तर पशुवैद्य हाताने तपासतो किंवा रक्त काढतो. मोकळ्या घोडीसाठी आधी पाठलाग, मग गुंगीचं औषध, आणि या धावपळीत तिलाच इजा व्हायची भीती. १९८०च्या दशकात यावर जे उत्तर निघालं त्याच्या मी प्रेमात आहे, आणि ते काढणाऱ्या जे कर्कपॅट्रिक यांचं नाव घोड्यांच्या दुनियेबाहेर कुणाला ठाऊक नाही याची मला मनापासून चीड आहे.

कर्कपॅट्रिक मोंटाना राज्यातल्या बिलिंग्जचे प्रजननशास्त्रज्ञ. त्यांनी आणि जॉन टर्नर, बिल लॅस्ली वगैरे सहकाऱ्यांनी घोडीला हात लावायचाच नाही असं ठरवलं. घोडी लघवी करते. ती चार पावलं पुढे सरकली की जायचं आणि भिजलेली माती उचलून आणायची. तेवढ्यात उरकावं लागतं, कारण घोडीच्या लघवीवर आणि लिदीवर स्वतःची मोहर उठवण्याची नराला सवय असते. मातीतून लघवी वेगळी काढायची आणि प्रयोगशाळेत इस्ट्रोजेनच्या अंशांचं प्रमाण मोजायचं. गरोदरपणात ते चढतं.

पण घोडी भरपूर पाणी प्यायलेली असेल तर? वाळूत आधीच पावसाचं पाणी असेल तर? नमुना पातळ होणार, आकडा खाली येणार, गाभण घोडी भाकड ठरणार. म्हणून त्याच नमुन्यातलं क्रिएटिनिनही मोजायचं. ते शरीरातून साधारण एकाच गतीने बाहेर पडत असतं. दोन्हींचं गुणोत्तर घेतलं की पाणी किती मिसळलंय याला महत्त्वच उरत नाही. दुप्पट पाणी पिणाऱ्या जनावरांसाठी याहून चपखल युक्ती शोधून सापडणार नाही! पुढे तर वाळलेल्या लिदीवरही भागू लागलं.

हे सगळं कशासाठी? संख्या आवरण्यासाठी. मोंटानातल्या मोकाट घोड्यांची वाढ कशी रोखता येईल हा प्रश्न कर्कपॅट्रिक यांच्यापुढे १९७०च्या दशकापासून होता. आधी संप्रेरकं देऊन झाली. जमलं, पण व्याप फार. मग कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठातले अर्विन ल्यू यांच्याकडची एक लस हाती आली. स्त्रीबीजाभोवती प्रथिनांचं एक पारदर्शक कवच असतं. कत्तलखान्यातून आणलेल्या डुकरिणींच्या अंडाशयांतून ते वेगळं करून घोडीला टोचायचं. तिचं शरीर त्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं, आणि डुकरिणीच्या आणि घोडीच्या कवचात पुरेसं साम्य असल्याने ती तिच्या स्वतःच्या बीजावरही जाऊन चिकटतात. यात्रेच्या दिवशीची एसटी आठवा. गाडी फलाटाला लागायच्या आत खिडक्यांतून रुमाल, टोप्या, पिशव्या टाकून जागा धरलेल्या असतात. दारातून चढणारा आत येतो तेव्हा एकही बाक मोकळा नसतो. शुक्रजंतूंनी कवचाच्या ज्या जागांना धरायचं, तिथे प्रतिपिंडांचे रुमाल पडलेले असतात. संप्रेरकांचा बाकी कारभार चालू राहतो, आधीच गर्भ राहिलेला असेल तर त्याला धक्का लागत नाही, आणि वर्षाने पुन्हा टोचलं नाही तर हळूहळू रुमाल उचलले जातात.

१९८८ मध्ये असाटीगच्या घोड्यांना ही लस बंदुकीतून सुटणाऱ्या सुईने दिली गेली. सुई लागते, औषध आत जातं, सुई आपोआप गळून पडते. प्रयोग जमला आणि १९९४ पासून मेरीलँडच्या बाजूला तोच रिवाज झाला. गंमत म्हणजे २०१२ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने या लसीला मान्यता दिली ती कीडनाशकांच्या कायद्याखाली. ज्या घोड्यांसाठी लोक कॅमेरे गळ्यात अडकवून शेकडो मैल येतात, ते कागदोपत्री कीड!

बेटाच्या मधोमध, राज्यांच्या सीमेवर कुंपण आहे. पलीकडचा व्हर्जिनियातला कळप शेजारच्या शिंकोटीगच्या स्वयंसेवी अग्निशमन दलाच्या मालकीचा आहे, आणि त्यांची रीत उलटी. प्रौढ तट्टं १५० पर्यंतच ठेवायची परवानगी. म्हणून दर जुलैच्या शेवटच्या बुधवारी कळप खाडीतून पोहत शिंकोटीगला न्यायचा, गुरुवारी शिंगरांचा लिलाव करायचा, पैसे बंबाच्या खर्चाला. १९२५ पासून हे चाललंय. तिथे शिंगरं हवीच असतात, त्यामुळे लसीचा प्रश्न येत नाही. मार्गरेट हेन्री यांच्या १९४७ च्या पुस्तकाने ही पोहणारी तट्टं जगभर नेली. त्यातली मिस्टी ही घोडी खरी होती, पण तिचा जन्म पाळीव आईपोटी, शिंकोटीगच्या तबेल्यात. रानात ती कधी राहिलीच नाही.

मेरीलँडमध्ये लस सुरू झाल्यावर कळप लगेच आटला असं समजू नका. २००१ मध्ये तो १७५ च्या आसपास पोचला होता! वर्षाआड बाळंतपण आणि अंगावर पिणारं शिंगरू यातून सुटलेल्या घोड्या मरेनाशाच झाल्या. लस न दिलेल्या घोड्या सरासरी साडेसहा वर्षांच्या आसपास जात, आणि तीन किंवा अधिक वर्षं लस घेतलेल्या विशीपर्यंत पोचल्या. आता तिथला कळप शंभराच्या आत आला आहे. सगळं गोडगोड मात्र नाही. नॉर्थ कॅरोलायनातल्या शॅकलफोर्ड बँक्स बेटावर कॅसँड्रा नुन्येझ यांना दिसलं की लस घेतलेल्या घोड्या नर बदलत जास्त फिरतात. समर्थक हे सांगायला बहुधा विसरतात.

असाटीगबद्दल छापून येतं ते मात्र वेगळंच. २०२२ मध्ये निकोलस डेल्सोल हे हैतीतल्या पुएर्तो रेआल या सोळाव्या शतकातल्या स्पॅनिश गावचे गाईचे दात तपासत होते. एक दात घोड्याचा निघाला, आणि त्याच्या मायटोकाँड्रियातल्या डीएनएचं सर्वांत जवळचं नातं जुळलं शिंकोटीगच्या तट्टांशी. शोध देखणा आहे. लगेच ‘फुटलेल्या स्पॅनिश गलबतातून घोडे पोहत आले ही दंतकथा खरी’ अशा बातम्या झळकल्या. पण हा डीएनए फक्त आईकडचा धागा सांगतो, आणि स्पॅनिश घोडे इंग्रज वसाहतींत पोचायला गलबत फुटायचीच गरज नव्हती. सतराव्या शतकात मुख्य भूमीवरच्या मालकांनी कर आणि कुंपणाची सक्ती चुकवायला जनावरं बेटावर सोडली, हे राष्ट्रीय उद्यान सेवेचं नीरस स्पष्टीकरण मला अजूनही जास्त पटतं.

वाचकमित्रा, पुढच्या वेळी चेहरा आणि दोन्ही कुशी दिसतील असे फोटो काढ. अबलख अंगावरचे ठिपके-पट्टे प्रत्येकाचे वेगळे. त्यांवरूनच इथलं तट्टू न् तट्टू ओळखलं जातं. ते जमल्याशिवाय कुणाला सुई मारली आणि कुणाला नाही याचा हिशेब ठेवताच आला नसता. जुलै-ऑगस्टमध्ये गेलास तर ती गवतात शोधू नकोस. गोमाश्यांना कंटाळून वाऱ्याच्या किनाऱ्यावर किंवा थेट पाण्यात घोळक्याने उभी असतील. घोळका मोठा तितक्या दर घोड्यामागे माश्या कमी, हे ॲलन रुटबर्ग यांनी इथेच मोजलंय. आणि अंतर ठेव. नियम चाळीस फुटांचा आहे, तुझ्या तिसऱ्या फोटोत तो पाळलेला दिसत नाही.

माणसाला बुजेनाशी झालेली ही तट्टं उद्यानवाल्यांची डोकेदुखी आहेत, पण लस चालली ती त्यांच्या याच धीटपणामुळे. सुई नेमकी बसायला घोडी चाळीस-पन्नास मीटरच्या आत शांत उभी राहावी लागते. नेवाडाच्या माळावरचे घोडे माणूस क्षितिजावर दिसला की उधळतात. तिथे अजून हेलिकॉप्टरने हाकून कळप पकडतात, आणि असे साठ हजारांच्या घरातले घोडे सरकारी खर्चाने कोंडवाड्यांत आणि भाड्याच्या कुरणांवर दिवस काढताहेत. कर्कपॅट्रिक २०१५ मध्ये गेले तेव्हाही पश्चिमेत लशीपेक्षा हेलिकॉप्टरवरच जास्त भिस्त होती.